सहल तुमची होती, पिशव्या आईच्या होत्या

भरलीवांगी

'नायगावचा नातू' यांचा 'महिन्याची खरेदी नावाचा सण' हा लेख गेल्या रविवारपासून मला चार जणांनी पाठवला. त्यातली एक माझी नणंद, 'वहिनी, अगदी आपलं लहानपण!' असं वर लिहून. चौथ्यांदा आला तेव्हा ठरवलं की आता उत्तर द्यायचंच.

ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: पगाराच्या पहिल्या रविवारी सगळं कुटुंब नटूनथटून अपना बाजार या सहकारी दुकानात जायचं, बाबांच्या हातात यादी, 'आईच्या डोळ्यांत आनंद', वरच्या मजल्यावर खेळणी बघायची, येताना उसाचा रस. आणि हल्ली दहा मिनिटांत पिशवी दारात येते, त्यामुळे 'खरेदीतली माया आटली'.

आईच्या डोळ्यांतला आनंद तुम्हाला दिसला कसा हो? तुम्ही तर खेळण्यांच्या काचेला नाक लावून उभे होतात ना?

आम्ही परळला, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. वडील गिरणीत, पाळ्या फिरत्या, त्यामुळे सहकुटुंब रविवार वगैरे नव्हतंच. आई, मी आणि धाकटा. यादी दोनदा व्हायची. आधी लागेल ते लिहायचं, मग परवडेल तेवढं ठेवून बाकीचं खोडायचं. शेंगदाणे दोन किलोचे दीड, दीडचे एक. रेशनचं धान्य वेगळ्या दिवशी, वेगळी रांग. रॉकेलची तिसरी. आणि पामतेल आलंय अशी कुणकुण लागली की भात अर्धा कच्चा टाकून चौथी. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर तो लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायचा. त्याच्या भाकऱ्या थापताना आई जे बोलायची ते इथे लिहिता येणार नाही. महागाईविरुद्धच्या बायकांच्या लाटणे मोर्चाला ती गेली होती. मोर्चा काढणाऱ्या मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकरांना लांबून बघून आली आणि त्याच लाटण्याने संध्याकाळच्या चपात्या केल्या.

महिन्याचं सामान घेऊन येताना आईच्या दोन्ही हातांत वायरच्या पिशव्या, माझ्या पोटाशी डालड्याचा डबा, धाकट्याकडे साबण, कारण तो जे धरेल ते पाडायचा. आईच्या बोटांवर त्या वायरचे वळ रात्रीपर्यंत असायचे. उसाचा रस आम्हीही प्यायलोय. दोन ग्लास. आईला उसाचा रस आवडत नाही असं मी लग्न होईपर्यंत समजत होते.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बिल्डिंगला लिफ्ट नाही. रात्री साडेनऊला विरजणाला दही मागवते, एक पोरगा आणून देतो, मी त्याला पाणी विचारते. माया आहे तिथे आहे. तुम्ही काळजी करू नका.

नायगावचा_नातू

ताई, आठवणींचा लेख होता, चौकशी आयोगाचा अहवाल नव्हता. माझ्या आईच्या डोळ्यांत काय होतं हे मी ठरवायचं की तुम्ही?

आणि तुम्ही ज्याला नुसती रांग म्हणताय त्यामागे काय होतं तेही सांगा ना. १९४८ साली नायगावात कामगारांनी ही संस्था उभी केली ती सहलीसाठी नव्हे. काळाबाजार, भेसळ, मापात पाप, या सगळ्यावरचं उत्तर होतं ते. मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी संस्था हे नाव म्हणताना धाप लागते म्हणून लोक अपना बाजार म्हणायचे. माझ्या आजोबांकडे संस्थेच्या भागाचा (शेअरचा) दाखला होता, फ्रेम करून गणपतीशेजारी लावलेला. अकबरअलीज या बड्या दुकानात आम्ही फोर्टात गेलो की फक्त बघायला जायचो, हात मागे बांधून. नायगावात मात्र आजोबा दारातून असे आत शिरायचे की जणू घरमालक. गिरणीत दिवसभर ज्याला मुकादम 'ए' म्हणून हाक मारायचा, त्या माणसाला महिन्यातून एक दिवस मालक असल्यासारखं वाटायचं. हे तुमच्या दहा मिनिटांवाल्या ॲपमध्ये आहे का? तिथे तुम्ही सभासद आहात की नुसता मोबाइल नंबर?

भरलीवांगी

दाखला आजोबांच्या नावावर. पिशव्या कोणाच्या हातात?

तागडी

दोघंही थोर. वाण्याचं नाव मात्र कोणी काढलं नाही.

माझ्या वडिलांचं लालबागला किराणा दुकान. 'भेसळ', 'मापात पाप' हे शब्द मी लहानपणापासून ऐकतोय, बहुतेक भाषणांत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. नंतर पगाराची रविवारची सहल कुठे गेली हो नातूसाहेब? सहकारी दुकानात रोख मोजावी लागायची. उधारीची वही कोणाकडे चालली? आमच्याकडे. दीड-दोन वर्षं लोकांनी तांदूळ, तेल, गूळ नेला. काही गावी निघून गेले ते गेलेच. ती वही वडिलांनी फाडली नाही आणि वसूलही केली नाही. अजून माळ्यावर आहे. तुमच्या फ्रेममधल्या दाखल्याशेजारी ती वहीपण लावा.

आणि हल्लीचं तर विचारूच नका. महिन्याचं सामान डी-मार्टमधून, दही-ब्रेड ॲपवरून. आमच्याकडे काय? 'काका, जरा हे पार्सल ठेवून घ्या, मी संध्याकाळी नेतो.'

भरलीवांगी

तागडी, त्या वहीत माझ्या वडिलांचंही नाव असेल, नाही तर तुमच्या शेजारच्या दुकानाच्या वहीत असेल. तिला हात जोडते. खरंच.

पण वहीची दुसरी बाजूही ऐका. उधारीवर असलेल्या बाईला भाव विचारता यायचा नाही. तूरडाळीत खडे निघाले तर गुपचूप निवडायचे, दाखवायला न्यायचे नाहीत. वाणी काही बोलायचा नाही, नुसता वहीचं पान उलटायचा. त्या पान उलटण्याच्या आवाजाला आई जितकी भ्यायची तितकी मुकादमालाही भ्याली नसेल. अपना बाजारात निदान किंमत पाटीवर लिहिलेली असायची. हा एक मुद्दा नातूंना दिला. एकच.

नायगावचा_नातू

धन्य झालो. नोंद करून ठेवतो.

तागडी

आमच्या वडिलांनी कधी पान उलटलं नाही.

पार्ल्याची_मावशी

अहो, घरपोच ही कल्पना या मोबाइलवाल्या पोरांची आहे असं का धरून चाललात सगळे? १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीत आम्ही तेच करतोय. शेजारपाजारची घरं मिळून गट करायचा, महिन्याची यादी भरून द्यायची, एकत्र खरेदी, ठरलेल्या दिवशी सामान गटात येणार. बिंदुमाधव जोशींची कल्पना, सुधीर फडक्यांसारखा माणूस तिच्यासाठी वणवण फिरला. ना दुकान, ना जाहिरात. माझ्या बैठकीच्या खोलीत बारा घरांचा गूळ असायचा. मुंग्या धरून तेरा घरांचा.

भरलीवांगी

मावशी, आणि ते वाटप करायचं कोणी? मोजायचं, हिशेब लिहायचा, मुंग्या मारायच्या?

पार्ल्याची_मावशी

आम्ही बायकांनीच. पण आम्हाला मजा यायची हो! सगळ्याच गोष्टीत रडायचं का? दुपारी घराबाहेर पडायला तेवढंच निमित्त. सासूबाईंना 'वाटप आहे' म्हटलं की त्या गप्प. त्या वाटपाच्या जोरावर मी हिशेब शिकले, नंतर पोस्टाची एजन्सी घेतली. तुझ्या आईला कोणी विचारलं होतं का, बाजारात जायला आवडायचं की नाही?

भरलीवांगी

नाही विचारलं. मीही नाही.

जर्सीकर

इंटरेस्टिंग चर्चा. आमच्याकडे सीअर्स या अमेरिकन दुकानांच्या साखळीचंही असंच झालं. एके काळी त्यांच्या कॅटलॉगमधून लोक अख्खं घर मागवायचे, लाकडासकट. २०१८ ला दिवाळं निघालं. आम्ही ९३ मध्ये इथे आलो तेव्हा पहिला टीव्ही, पहिली गादी, मुलीचा पहिला स्नोकोट, सगळं तिथलं. शनिवारी दुसरं जायला ठिकाणच नव्हतं. बंद झालं तेव्हा बायको पार्किंगमध्ये गाडीत बसून रडली. त्यामुळे नातूंचं म्हणणं मला पटतं, दुकान हे नुसतं दुकान नसतं.

रस्सा_पांढरा

आमच्याकडे म्हणजे एडिसनला की एरंडोलला?

आणि मुंबईकरांनो, महाराष्ट्र दादरला संपत नाही. कोल्हापुरात भवानी मंडपातलं शेतकरी संघाचं सहकारी दुकान विसरलात. वारणानगरला वारणा बाजार बघा. तात्यासाहेब कोरेंनी साखर कारखान्याभोवती जे उभं केलं त्यातलाच तो. खेड्यातल्या बाईला साडीपासून भांड्यापर्यंत एका छताखाली, आणि दुकानदार 'ओ वैनी, घ्यायचंय का नुसतं बघायचंय' असं विचारणार नाही. माझी आत्या नुसती बघायलाच जायची. तीन तास. एक वाटी घेऊन यायची. तिच्यासाठी ती सहलच होती आणि पिशवीत वाटीच असल्यामुळे वळही उठायचे नाहीत.

ग्राहकराजा

पन्नास प्रतिसाद होतील पण मूळ मुद्द्याला कोणी हात घालणार नाही. मूळ मुद्दा पिशवी.

आपली स्वतःची पिशवी दुकानात नेता येत नाही, दारात जमा करा, बिल्ला घ्या. आत सामान घेतलं की काउंटरवर विचारणार, 'कॅरी बॅग हवी का? दहा रुपये.' अहो, माझी पिशवी तुम्हीच काढून घेतलीत ना दारात! चंडीगडच्या ग्राहक मंचाने २०१९ मध्ये बाटाला तीन रुपयांच्या पिशवीवरून नऊ हजारांना बसवलं. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने बिग बाजारला सांगितलं की आधी न सांगता काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं चूक. तरी चालूच. गेल्या महिन्यात एका मॉलमध्ये मी सत्तावीस वस्तू हातात घेऊन निघालो, पिशवी घेतली नाही. दोन अंडी फुटली. पण घेतली नाही.

तागडी

आणि आम्ही काय करायचं? २०१८ ला प्लॅस्टिकबंदी आली. पातळ पिशवी दिली तर पहिल्याच वेळी पाच हजार दंड. नाही दिली तर गिऱ्हाईक म्हणतं, 'काय काका, एक पिशवी नाही?' सत्तर वर्षांचे गृहस्थ पायजम्याच्या खिशात अर्धा किलो रवा भरून घेऊन गेले माझ्या डोळ्यांसमोर. त्यांच्या बायकोने मग मला फोनवर झापलं.

नायगावचा_नातू

विषय सहकारी चळवळीचा आहे, पायजम्याचा नाही.

ग्राहकराजा

विषय ग्राहकाला चोर समजण्याचा आहे. तो तुमच्या सहकारी दुकानांपासूनच सुरू होतो. बिल्ला कोणी आणला?

काउंटरवाली

आतापर्यंत नुसती वाचत होते. बिल्ल्यावरून आता बोलावंच लागतंय.

एकतीस वर्षं एका सहकारी दुकानात काढली मी, आधी स्टेशनरी, मग प्रसाधनं, शेवटी कॅश. दुकानाचं नाव सांगत नाही. बिल्ला का होता सांगू? महिनाअखेरीला मोजदाद व्हायची, तूट निघाली की विभागावर जी बाई असेल तिला केबिनमध्ये बोलावणं. 'तुम्ही होतात ना तिथे?' एकदा सव्वादोनशे रुपयांची तूट निघाली तर रात्रभर झोपले नव्हते मी. पगार किती होता ते विचारू नका.

आणि चोर कोण असायचे? गिरणी कामगार म्हणाल तर एकही नाही. ब्लेडची पाकिटं, कोल्ड क्रीम, पेनाच्या रिफिली. छान इस्त्रीचे कपडे, पायात बूट. एका गृहस्थांची छत्री भर एप्रिलमध्ये उघडली तर आतून पाच साबण पडले. ते म्हणाले, 'मिसेसने ठेवले असतील.'

'हात लावू नका', 'तिथे विचारा', 'माझा विभाग नाही' हे आम्ही बोलायचो, कबूल. खडूसपणा होता. दिवसभर उभं राहायचं, स्टूल नव्हतं. तुमची सहल संपून तुम्ही रस प्यायला जायचात, तेव्हा आम्ही शटर ओढून रोकड मोजत असायचो.

ग्राहकराजा

म्हणजे तुमच्या तुटीची शिक्षा आम्हाला. उत्तम.

काउंटरवाली

शिक्षा? पिशवी जमा करणं ही शिक्षा?

ग्राहकराजा

हो, शिक्षा! मी सातवीत होतो. वडील शाळामास्तर. एका मोठ्या दुकानात, नाव मीही घेत नाही, पिशवी दारात जमा केली, बिल्ला घेतला. बाहेर पडताना दारावरच्या माणसाने अडवलं. वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात साबणाची वडी होती, दुसरीकडून घेतलेली. पावती नव्हती, तेव्हा वडीला कोण पावती देतं? दहा मिनिटं उभं केलं आम्हाला. रांगेत वडिलांचे दोन विद्यार्थी होते. शेवटी मॅनेजर आला, म्हणाला, 'जाऊ द्या, जाऊ द्या.' सॉरी नाही, 'जाऊ द्या.' वडील एक शब्द न बोलता निघाले ते थेट बस स्टॉप. पुन्हा त्या दुकानाच्या फुटपाथवरूनही गेले नाहीत.

त्यामुळे मला ते सहकाराचं, मायेचं, आपलेपणाचं सांगू नका.

नायगावचा_नातू

हे वाईट झालं. पण यावरून अख्ख्या चळवळीला…

रस्सा_पांढरा

नातू, आत्ता नको.

भरलीवांगी

ग्राहकराजा, आत्तापर्यंत तुम्ही पिशवीचं तुणतुणं वाजवताय म्हणून मी कपाळाला हात लावून बसले होते. मागे घेते.

पण माणसाला दारातच जोखायची खोड काही सहकारी दुकानांनी आणली नाही. १९९९ ला हाजीअलीला क्रॉसरोड्स मॉल उघडला तेव्हा आत शिरायला मोबाइल नाही तर क्रेडिट कार्ड दाखवावं लागायचं, नाही तर तिकीट. दुकानात जायला तिकीट! त्यापेक्षा बिल्ला बरा, तो निदान सगळ्यांना मिळायचा. काउंटरवालीताई, हा मुद्दा तुम्हाला. आणि तुम्हाला स्टूल नव्हतं हे वाचून मला माझ्याच लेखाची लाज वाटली. आईच्या पिशव्या मोजल्या, काउंटरच्या पलीकडे कोण उभं होतं ते डोक्यातही आलं नाही.

तागडी

सगळे एकमेकांना मुद्दे वाटताहेत. वाण्याला?

भरलीवांगी

तुम्हाला मघाशीच वही दिली की हो.

जर्सीकर

सहज आठवलं म्हणून. डी-मार्टचे दमानी आधी नेरुळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवायचे. नंतर २००२ ला पवईत स्वतःचं पहिलं दुकान काढलं. म्हणजे नातूंचा नायगाव आणि तागडींचा शत्रू एकाच घरातले म्हणायचे.

तागडी

हे मला माहीत नव्हतं. आता दोघांवरही राग आहे.

नायगावचा_नातू

मलाही माहीत नव्हतं आणि माहीत झाल्याचा आनंद नाही.

असो. भरलीवांगी ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नावर. काल फ्रेम खाली उतरवून दाखला बघितला. आजोबांच्याच नावावर आहे. आजीचं नाव कुठेही नाही. आईला फोन करून विचारलं, 'तुला अपना बाजारला जायला आवडायचं का?' ती म्हणाली, 'तुला एकदा तिथे हरवलं होतं, आठवतंय? तेव्हापासून मी एका हाताने तुझी कॉलर धरून सामान घ्यायची.' मला हरवल्याचं आठवत नाही. खेळणी आठवतात. पुढच्या लेखात 'आईच्या डोळ्यांतला आनंद' काढून टाकतो. उसाचा रस राहू द्या, तो मी स्वतः प्यायलोय.

भरलीवांगी

राहू द्या. आईला एक ग्लास पाजा.

पार्ल्याची_मावशी

आत्ता कसं! मी म्हणत होतेच, विचारा तिला. आता भरलीवांगी, तू नणंदेला फोन कर.

भरलीवांगी

नणंदेचं आणि माझं वेगळं आहे मावशी.

काउंटरवाली

ग्राहकराजा, राहून राहून एक डोक्यात येतंय. तुमचे वडील न बोलता थेट बस स्टॉपवर गेले म्हणालात. मग जमा केलेली पिशवी?

ग्राहकराजा

तिथेच राहिली. बिल्ला त्यांच्या खिशात. पितळी, ११२ नंबर, अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

काउंटरवाली

अशा बिनमालकाच्या पिशव्या आमच्याकडे रात्री एका फळीवर ठेवायचे. तीन महिने ठेवून मग शिपाई घरी न्यायचा. नाशवंत असेल तर त्याच दिवशी. काय होतं त्यात?

ग्राहकराजा

अर्धा किलो वांगी. जळगावची, काटेरी, वडिलांनी स्वतः निवडलेली. साबणापेक्षा त्यांना वांग्यांचंच जास्त लागलं होतं. मला बिल्ला परत करायचा नाही, उगाच विचारू नका.

रस्सा_पांढरा

धागा काढणाऱ्या बाईंनी वांग्यांबद्दल खुलासा करावा.

भरलीवांगी

शिपाई न्यायचा म्हणतायत ना त्या.